रविवारी टेक्काला जाऊ नका म्हणे

आज सकाळी इथल्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर, सिंगापुरात नव्यानेच आलेल्या एका कुटुंबाला एका गृहस्थांनी सल्ला दिला, "लिटल इंडियात रविवारी मुळीच जाऊ नका, त्या दिवशी तिथे सगळे मजूर असतात." खाली सात जणांनी अंगठे उमटवले. तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही.

मीही एकदा अशीच वागले होते. सिंगापुरातला माझा तो पहिलाच रविवार होता आणि अचानक पाऊस आल्यामुळे मी लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागातल्या सेरंगून रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानाच्या पडवीत उभी होते. शेजारच्या मजुराने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हटले आणि मी पर्स छातीशी घट्ट धरली.

मजूर नकोत म्हणणाऱ्यांनी तिथल्या रस्त्यांच्या पाट्या तरी वाचाव्यात. बफेलो रोड आहे, केरबाऊ रोड आहे, लेंबू रोड आहे. केरबाऊ म्हणजे मलाय भाषेत म्हैस आणि लेंबू म्हणजे गाय-बैल. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. ब्रिटिशांच्या १८२२ च्या आराखड्यात हिंदुस्थानी लोकांसाठी नेमलेली जागा तिकडे सिंगापूर नदीकाठी होती. सेरंगून रस्त्यालगत वस्ती वाढली ती विटांच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे, आणि पुढे पाणी व गवत मुबलक म्हणून आलेल्या गुराढोरांच्या व्यापारामुळे. चुना भाजणारे, गुरे राखणारे, दूध घालणारे हे सगळे कोण होते? वीरमाकालीअम्मनचे देऊळसुद्धा अशाच कष्टकऱ्यांनी उभे केले. १९८९ मध्ये हा भाग वारसा म्हणून जतन झाला, भिंतींना छान रंग लागले आणि आपण तिथे फोटो काढू लागलो. 'लिटल इंडिया' हे नावही पर्यटकांसाठीच रूढ झाले. जुनी माणसे आजही टेक्काच म्हणतात.

रविवारी गर्दी असते, कबूल. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्याच रेसकोर्स रोडवर दंगल झाली, हेही खरे. पण ती एका मजुराचा बसखाली मृत्यू झाल्यावर पेटली, एवढे तरी सांगताना गाळू नये.

तर तो पडवीतला माणूस. "अक्का, झिप," एवढेच तो म्हणत होता. माझी पर्स सताड उघडी होती आणि आतले पाकीट अर्धे बाहेर आले होते. मी झिप लावेपर्यंत तो पावसातच पुढे निघून गेला होता. मला आभारही मानता आले नाहीत. आठवड्यातून मिळणाऱ्या एका सुट्टीत गावाकडे पैसे पाठवायला, भाताचे चार घास खायला आणि आपल्या भाषेत बोलायला आलेल्या त्या माणसाला माझ्या चेहऱ्यावर काय दिसले असेल, हा विचार आजही पाठ सोडत नाही. गटावर लिहायला घेतलेले खरमरीत उत्तर मी त्यामुळेच पुसून टाकले.

मघाशी त्याच गृहस्थांचा मला वेगळा निरोप आला: उकडीच्या मोदकांसाठी केळीची पाने कुठे मिळतील? मी कळवले, "टेक्का मार्केट, बफेलो रोडच्या बाजूने आत जा. मी रविवारी संध्याकाळी जाणारच आहे, हवे तर बरोबर चला."

अजून उत्तर आलेले नाही.