रिफ्रेश मारून काय होतं?

घरचा कॉम्प्युटर हँग झाला की त्याच्याभोवती जमलेल्या प्रत्येकाला आपोआप त्यातलं कळायला लागतं. एक जण ठामपणे सांगतो, व्हायरस आहे. दुसऱ्याला रॅम कमी पडल्याचा वास येतो. तिसरा डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश असा जप सुरू करतो. चौथा काहीच बोलत नाही, तो सरळ पॉवरचं बटण दाबून धरतो. आणि फोनवरून सल्ला देणारा पाचवा, ज्याने मशिन पाहिलेलंही नसतं, त्याचा निकाल तयार असतो: "फॉरमॅट मारून टाक."

मला यातल्या रिफ्रेशवाल्याबद्दल खरी माया वाटते. त्याच्या जपाने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा एकदा काढले जातात, एवढंच. रॅम मोकळी होत नाही की प्रोसेसरला हुशारी येत नाही. पण निदान काही बिघडत तरी नाही. बटण दाबून धरणाऱ्याचं तसं नाही. डिस्कवर काही लिहिलं जात असताना वीज तोडली तर फाइल अर्धवट राहते, कधी फायलींचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टिमच रुसते, आणि "हळू चालतोय" या तक्रारीला बढती मिळून ती "चालूच होत नाही" होते.

तेव्हा आधी हे बघायचं, की गडी गेलाय की नुसता ऐकत नाहीये. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग विंडोज शुद्धीवर आहे. (हल्लीच्या कित्येक कीबोर्डांवर हा दिवाच नसतो. ही प्रगती मला अजून पटलेली नाही.) दिवा ढिम्म, बाण गोठलेला, चालू असलेलं गाणं एकाच सुरावर घरघरत अडकलेलं, असं असेल तर प्रकरण खोलवरचं: ड्रायव्हर (मशिनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर), रॅम, उष्णता नाहीतर वीजपुरवठा. बाण फिरतोय पण क्लिक केलेलं कुठेच उमटत नाही, हा घरोघरी आढळणारा प्रकार, आणि तिथे पहिला संशय डिस्कवर. नुसती स्क्रीन काळी पडली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बोटांची कसरत होते, पण उघडलेली फाइल वाचते.

एखाद्याच खिडकीच्या माथ्यावर "नॉट रिस्पॉन्डिंग" आलं तर घाबरण्याचं कारण नाही. प्रोग्रामने ५ सेकंद विंडोजच्या हाकेला ओ दिली नाही की ती पाटी लागते. तो प्रोग्राम मोठी फाइल वाचत असेल, नेटवर्कवरच्या बंद पडलेल्या प्रिंटरची वाट बघत असेल. अशा वेळी हात आवरणं फार कठीण जातं. आयकॉनवर डबल क्लिक करून काही झालं नाही म्हणून आणखी सात वेळा करणारे लोक असतात. कॉम्प्युटर मंद असला तरी आज्ञाधारक असतो. जरा मोकळा झाला की तो आठही खिडक्या एकामागोमाग उघडून समोर मांडतो आणि पुन्हा अडकतो.

आता तो सुप्रसिद्ध उपाय, "बंद करून चालू कर." उपाय चांगला आहे, फक्त आपण करतो ते बंद करणं नसतं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शट डाउन केलं की विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून पुढे चालू होते. म्हणजे रुसलेला ड्रायव्हर रात्रभर झोपून सकाळी तेवढाच रुसलेला उठतो. रीस्टार्ट मात्र खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली "अप टाइम" बघा. रोज रात्री इमानेइतबारे शट डाउन करणाऱ्यांचं मशिनही तिथे कित्येक दिवस सलग जागं असल्याचं दाखवतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक केलं तर ते पूर्ण बंद होतं.

टास्क मॅनेजरचं नाव निघालंच आहे तर तिथेच बसू. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं आणि मशिन कुंथत असताना सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन रकाने बघायचे. मशिन सुरळीत असताना बघण्यात अर्थ नाही. तेव्हा सगळेच सज्जन दिसतात.

सीपीयू ९० च्या वर असेल तर रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा, खाणारा आपोआप वर येतो. बहुतेकदा ब्राउझर असतो. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती खातंय ते नावानिशी कळतं. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या आसपास आणि मशिनमध्ये ४ जीबी रॅम असेल तर वाद नको, रॅम वाढवा. घ्यायच्या आधी डीडीआर३ की डीडीआर४ ते बघा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही, आणि जोर लावून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको.

पण खरा खलनायक तिसऱ्या रकान्यात सापडतो. डिस्क १०० टक्के, आणि खाली वेग बघावा तर सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही. इतका घाम गाळून कमाई एवढीच का? फिरती हार्ड डिस्क असेल तर याचं उत्तर साध्या गणितात आहे. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी तबकडी एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच. शिवाय ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकवायला आणखी १० ते १२. एका ठिकाणचं वाचून दुसऱ्या ठिकाणी जायला असे १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ६० उड्या. प्रत्येक उडीला ४ केबी मिळाले तर सेकंदाची कमाई २४० केबी. हीच डिस्क सलग लिहिलेला मोठा चित्रपट सेकंदाला १०० एमबीने वाचते, पण विंडोज चालू होताना तिला हजारो बारीकसारीक फायली चहूकडून गोळा करायच्या असतात. त्याच वेळी अँटिव्हायरस तपासणीला निघतो, अपडेट उतरत असतं, सर्चची अनुक्रमणिका बनत असते. दहा साहेबांनी एकदम हाका मारलेल्या एकुलत्या एका शिपायाची जी अवस्था, ती त्या डोक्याची.

हे झालं धडधाकट डिस्कचं. आजारी डिस्कचं दुखणं वेगळं, आणि "अधूनमधून गोठतो, मग आपोआप सुटतो" ही तिचीच खूण. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही. पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, कित्येक सेकंद तेच करत राहते. तोवर जो जो प्रोग्राम डिस्ककडे काही मागेल तो तिष्ठत उभा. बाण तेवढा फिरत राहतो, कारण त्याला डिस्कची गरज नसते. टास्क मॅनेजरच्या डिस्कच्या पानावर "अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम" असतो. तो वारंवार तीन-चार आकडी मिलिसेकंदांत जात असेल तर कागदपत्रांची प्रत आजच काढा, बाकीचा लेख नंतर वाचा.

नक्की करायचं असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंदवही ठेवते ती उघडून दाखवतं. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या: ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. तिघांच्याही पुढे शून्य हवं. त्यातले "रॉ व्हॅल्यू"चे आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, तेव्हा १० दिसलं तर ते सोळा समजायचं. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. तो आकडा संदेश वाटेत खराब झाल्याचा असतो आणि केबल बदलल्यावर खाली येत नाही. वाढायचा थांबला म्हणजे जिंकलो.

विंडोज घडामोडी जिथे टिपून ठेवते तो इव्हेंट व्ह्यूअरही उघडा, पण धीर धरून. निरोगी मशिनवरही तिथे लाल खुणांचा सडा पडलेला असतो. सिस्टिम लॉगमध्ये हँगच्या वेळेच्या आसपास डिस्कच्या नावाने ७, १५३ किंवा स्टोरेज ड्रायव्हरच्या नावाने १२९ या क्रमांकाची नोंद असेल तर ती कामाची. "कर्नल-पॉवर ४१" बघून मात्र आनंदून जाऊ नये. त्याचा अर्थ फक्त "मशिन नीट बंद झालं नव्हतं" एवढाच. ते माहीतच होतं, बटण आपणच दाबलं होतं.

आणि कृपा करून आजारी डिस्कवर पहिल्या झटक्यात "चेकडिस्क /आर" चालवू नका. तो प्रत्येक सेक्टर वाचून बघतो, मोठ्या डिस्कवर तासन्‌तास. शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला त्यात शेवटचा धक्का बसतो. आधी प्रत, मग तपासणी. डिस्क ठणठणीत आणि विंडोजच्याच फायली बिघडल्याचा संशय असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझम या दुरुस्तीच्या साधनाचं "रिस्टोअरहेल्थ" आणि त्यानंतर "एसएफसी /स्कॅननाऊ". क्रम हाच, कारण एसएफसी दुरुस्तीचा माल ज्या कोठारातून घेतो ते कोठार डिझम दुरुस्त करतं.

या सगळ्या काळात घरातल्या व्हायरसवाल्याने स्वस्थ बसलेलं नसतं. त्याने एक मोफत अँटिव्हायरस टाकलेला असतो. तो सुरक्षिततेची हमी देईना म्हणून दुसराही. आता प्रत्येक फाइल उघडताना दोघं तिची झडती घेतात आणि एकमेकांवरही पाळत ठेवतात. सोबतीला विंडोजच्या सेटिंग्जची वही, म्हणजे रजिस्ट्री, झाडणारा एक रजिस्ट्री क्लीनर येतो, जो शेकडो "गंभीर चुका" शोधून घड्याळाच्या काट्यासह भीती घालतो. रजिस्ट्रीतल्या अनाथ नोंदींनी मशिन मंदावत नाही, पण भलती नोंद उडाली तर एखादा प्रोग्राम कायमचा मुका होतो. मग येतो रॅम बूस्टर. हा चालू प्रोग्रामांची मेमरी हिसकावून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतो आणि "इतकी रॅम मोकळी केली!" अशी टिमकी वाजवतो. पुढच्याच क्लिकला ते सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. डिस्क कोणती, तर तीच, सेकंदाला ६० उड्यांची. वेगवर्धक म्हणून जे जे आलं असेल ते सगळं काढून टाकणं हा माझ्या मते सर्वांत स्वस्त वेगवर्धक आहे. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरूनही प्रिंटरचा मदतनीस, गेमचा लाँचर, कधीच न वापरलेला चॅट यांना डिसेबल करा. तिथे डिसेबल केल्याने प्रोग्राम जात नाही, फक्त न बोलावता येत नाही.

वीस-पंचवीस मिनिटं छान चालून मग मंदावतो, गेम किंवा व्हिडिओ कॉल चालू असतानाच गोठतो, पंखा विमानतळावर असल्याचा भास देतो, तेव्हा उष्णता. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कापतात. एचडब्ल्यूइन्फो या साधनात तापमान दिसतं. मशिन बंद करून, प्लग काढून, हवेच्या डब्याने धूळ उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग खलास. पंख्यामागे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीची चक्क गोधडी जमलेली असते, ती निघाली की निम्मं काम झालं. तरी तापत असेल तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध नवा एक लहान ठिपका, आणि कूलरचे स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. पेस्ट जास्त घातल्याने थंडावा जास्त मिळत नाही. लॅपटॉप गादीवर ठेवणाऱ्यांनी आधी तो टेबलावर ठेवून बघावा.

ना वेळ ना काळ, असा कधीही गोठत असेल, मध्येच निळी स्क्रीन देत असेल, तर रॅम तपासा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक चूक दिसली तरी पट्टी नापास, इथे ग्रेस मार्क नसतात. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोषी कोण ते ठरवा. आणि सॉफ्टवेअर की हार्डवेअर हा वाद मिटवायचा असेल तर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून त्यावर तास-दोन तास काम करा. तिथेही गोठला तर विंडोज निर्दोष सुटली.

इतकं झाल्यावर फॉरमॅटवाल्याचा पुन्हा फोन येतो. त्याला सांगा, हार्ड डिस्क मरणपंथाला असेल तर तिच्यावर नवी विंडोज टाकणं म्हणजे दोन दिवसांचं समाधान. त्याऐवजी एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी डिस्क, लावा. साटा एसएसडीचा सलग वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, पण खरी मजा उड्यांमध्ये आहे: ६० च्या जागी हजारो. मदरबोर्डवरच्या एम.२ नावाच्या खाचेत बसवायची असेल तर माहितीपुस्तिकेत ती खाच साटा घेते की एनव्हीएमई (एसएसडीचा दुसरा प्रकार) ते वाचून घ्या, दोन्ही दिसायला जुळ्या असतात. जुन्या डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) केलं तर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे मशिन नेमकं कुठून चालू झालं याचा घोळ राहत नाही. नव्या एसएसडीवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी सोडा आणि तिला डिफ्रॅग करायला, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणायला, जाऊ नका. ट्रिमचं, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवण्याचं, काम विंडोज स्वतः वेळापत्रकाने करते.

काढलेल्या जुन्या डिस्कचं स्मार्ट स्वच्छ असेल तर यूएसबी केसमध्ये घालून ती बॅकअपला वापरता येते. सी५ पुढे शून्याशिवाय काहीही असेल, तर घरातल्या फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका, कोणी कितीही वेळा रिफ्रेश मारलं तरी.