काळ्या ऑइलची शेगडी पेटते, पण व्हिडिओत सांगतात तशी नाही

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरच्या गॅरेजवाल्यांमध्ये एक व्हिडिओ फिरायला लागतो. शहराच्या लष्कर भागातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवरही तो येतोच. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: गाडीचं काळं ऑइल फेकू नका. जुना गॅस सिलिंडर कापा, त्यावर भोकं पाडलेला पाइप उभा करा आणि वरच्या डब्यातून ऑइल थेंबथेंब सोडा. वर्कशॉप फुकटात गरम. धूर नाही, वास नाही, धोका नाही. आग वाढवायची असेल तर पाण्याचे थेंब सोडा. राख कुंड्यांत घाला. अमेरिकेत सगळे हेच करतात.

यातलं खरं काय, ते आधी सांगतो. लिटरभर इंजिन ऑइल जळलं की साधारण १० युनिट विजेइतकी उष्णता निघते. तासाला लिटरभर ऑइल खाणारी शेगडी म्हणजे दोन किलोवॉटचे पाच रूम हीटर; धुराड्यातून जाईल ती उष्णता वजा करा. तत्त्वही पक्कं आहे. तळच्या तापलेल्या भांड्यात ऑइलची वाफ होते, भोकांतून ओढली जाणारी हवा तिच्यात मिसळते आणि शेगडी रंगात आली की ज्वाला स्वच्छ जळते. व्हिडिओतली ज्वाला खोटी नाही. फक्त ती रंगात आल्यानंतरची आहे. पेटवताना, तासाभराने आणि विझवताना काय होतं ते कोणी दाखवत नाही, आणि माझं भांडण तेवढ्यापुरतंच आहे.

धुराचंच घ्या. काळं ऑइल काडीने पेटत नाही. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा लावून आधी भांडं तापवावं लागतं, आणि ते तापेपर्यंत काळाकुट्ट धूर निघतो. विझवताना पुन्हा तेच. जानेवारीतल्या आपल्या धुक्यात तो वर जात नाही, गल्लीतच बसतो. ग्वाल्हेर आधीच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. ज्वाला स्वच्छ झाली तरी एक गोष्ट उरतेच. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्ताची संयुगं घातलेली असतात, वर इंजिनात झिजलेल्या धातूंचा चुरा असतो. आगीने धातू नाहीसा होत नाही. थोडा बारीक कणांतून हवेत जातो, बाकीचा राखेत उतरतो. ती राख कुंडीत घालायची आणि त्याच कुंडीतली कोथिंबीर आमटीवर पेरायची, हा सल्ला कोणाच्या डोक्यातून निघाला असेल तो असो.

‘धोका नाही’ हे मात्र सगळ्यात महागात पडणारं वाक्य. सकाळी पाच-सहा अंशांत ऑइल काकवीसारखं घट्ट असतं. थेंब पडावेत म्हणून मिस्त्री नीडल व्हॉल्व, म्हणजे थेंब कमी-जास्त करायची बारीक तोटी, जरा जास्त उघडतो. डबा शेगडीच्या वरच टांगलेला, त्यामुळे तासाभरात तोही तापतो, ऑइल पातळ होतं आणि व्हॉल्वला कोणी हात न लावता थेंबांची धार होते. भांडं लाल होतं, पाइप लाल होतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलत बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पत्ताच नसतो. डबा शेगडीपासून लांब आणि भिंतीच्या आडोशाला हवा. धार तुटून, हवेतून थेंब पडताना डोळ्यांना दिसेल अशी नळी हवी. व्हिडिओत यातलं काहीच नाही.

उलटही होतं. वाऱ्याच्या झोताने ज्वाला विझते, पण थेंब चालूच असतात. गरम भांड्यात ऑइलची पांढरी वाफ कोंडत जाते. कोणीतरी ‘विझली वाटतं’ म्हणत वाकून काडी लावतो, आणि भडका थेट तोंडावर येतो. विझलेली शेगडी पूर्ण गार होईपर्यंत पुन्हा पेटवायची नाही, हा नियम भिंतीवर रंगवून ठेवण्यासारखा आहे.

त्यात व्हिडिओतल्या पाइपाचं तोंड छपराच्या आतच संपतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या उत्तर भारतात दर थंडीत येतात. शटर अर्धं पाडलेलं गॅरेज काही वेगळं नाही. शिवाय तिथे कार्बोरेटर पेट्रोलने धुतला जातो. उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, त्यामुळे आपली थंडी तिला अडवत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकते, आणि शेगडी नेमकी जमिनीवर बसून हवा ओढत असते. काही ब्रेक क्लीनरांत क्लोरीन असलेली द्रावकं असतात. ती ज्वालेत गेली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

पाण्याच्या थेंबांबद्दल जास्त बोलायला नको. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६०० पट होतं. तापलेल्या ऑइलखाली पाणी गेलं की ते जळतं ऑइल उडवूनच बाहेर येतं. कढईत पाणी पडल्यावर काय होतं, हे ज्या घरात भजी तळतात तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

सिलिंडरचं दुखणं दुहेरी. घरगुती सिलिंडरसाठी आपण अनामत भरतो, मालकी गॅस कंपनीचीच राहते. आणि ‘रिकाम्या’ सिलिंडरात गॅस उरलेला असतो; त्याला ग्राइंडर लावणं म्हणजे ठिणग्यांचा पाऊस पाडणं. जाड पत्र्याचा पाइप घेऊन तळ वेल्ड करा, काम तेच होतं. जी.आय. पाइप मात्र नको. त्यावरचं जस्त तापून धूर देतं आणि त्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो.

अमेरिकेचा दाखला अर्धाच दिला जातो. तिथे अशी शेगडी चालते, पण तीन अटींवर: ऑइल स्वतःच्या कामातलं किंवा घरी स्वतः ऑइल बदलणाऱ्यांकडून आलेलं हवं, शेगडीची क्षमता तासाला पाच लाख बीटीयूपेक्षा (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) जास्त नको, आणि ज्वलनाचे वायू बाहेरच्या हवेत सोडलेले हवेत. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे आणि तो अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवा. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवून विकणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे. हे ऑइल शुद्ध करून पुन्हा बेस ऑइल, म्हणजे नव्या ऑइलचा कच्चा माल, बनवता येतं. ज्याला गिऱ्हाईक आहे ते जाळलं, तर ऊब फुकट कशी?

थंडीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पण गिऱ्हाईक येईल म्हणून दिवसभर शटर उघडं ठेवून पत्र्याखालची हवा तापवत बसण्यात अर्थ नाही. बैठं काम आत घ्या, तिथे जाड प्लास्टिकचा पडदा लावा, आणि पेट्रोलच्या कामापासून लांब, माणसाच्या अंगावर रोख धरणारा विजेचा हीटर ठेवा. ऑइलचा ड्रम झाकून ठेवा. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, धुतलेलं पेट्रोल ओतू नका. भेसळ झालेला ड्रम रिसायकलरच्या कामाचा राहत नाही. रिसायकलर ऑइल न्यायला येईल तेव्हा त्याचं अधिकारपत्र बघा आणि पावती मागून घ्या.