एक पिचर द्या हो, एवढंच मागतोय!

काल परत तेच. चौघं जण पिझ्झा खायला गेलो आणि टेबलावर मेन्यू नाही, क्यूआर कोड! प्रत्येकाने मान खाली घालून आपापल्या फोनवर आपापला बारा इंची पिझ्झा मागवायचा आणि आपापला बिअरचा कॅन. पिचर, म्हणजे सगळ्यांनी वाटून घ्यायचं बिअरचं मोठं भांडं, आहे का विचारलं तर ती पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. अरे, पिझ्झा आणि बिअर ही वाटून घ्यायची गोष्ट आहे ना? १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत शेकीज या पिझ्झा साखळीचं पहिलं पार्लर निघालं तेच मुळी पिझ्झा, बिअर आणि पियानोच्या जोरावर!

एमएसला अमेरिकेत आलो तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाच देशी पोरं युनिव्हर्सिटीजवळच्या एका जुन्या पिझ्झेरियात पडीक असायचो, लाल-पांढऱ्या चौकटीचं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ, त्यावर पिचरच्या बुडाचं ओलं वर्तुळ, चिली फ्लेक्सची चिकट बाटली, आणि ज्याच्याकडे पैसे नसतील त्याचाही ग्लास दुसरा कुणीतरी न विचारता भरायचा. साठ औंसाचा पिचर, पाचात वाटला की जेमतेम एकेक ग्लास, पण तीन तास बसायचो, कुणी उठा म्हणायचं नाही.

आता? नव्वद मिनिटांत टेबल रिकामं करा! बसायला खुर्च्या की स्टुलं तेही कळत नाही, म्युझिक एवढं मोठं की शेजारच्याशी ओरडून बोलायचं. अशाने मित्रांनी भेटायचं कुठे? पार्किंग लॉटमध्ये?