पागडीच्या घरात दरवर्षी दहा टक्के भाडेवाढ? नाही!

घरमालकांमध्ये एक मजकूर जोरात फिरतो आहे: नव्या कायद्यामुळे पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे घेऊन अल्प भाड्याने दिलेल्या) घरातील भाडेकरूकडून दरवर्षी १० टक्के वाढ घेता येते आणि पोटभाडेकरू, म्हणजे भाडेकरूने परस्पर ठेवलेला दुसरा भाडेकरू, आढळला की सरळ कुलूप ठोकता येते. यावर विसंबून पाऊल उचलणारा घरमालक स्वतःच कोर्टात अडकेल.

‘नवा कायदा आला.’ केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श घरभाडे कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे, आणि चालू भाडेकरार त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत. पागडीच्या घरांना लागू आहे तो ३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९.

‘१० टक्के वाढ हक्काची.’ कलम ११ वर्षाला ४ टक्के देते. म्हणजे २०० रुपये भाड्यावर ८ रुपये. हे फार तुटपुंजे आहे, ही घरमालकांची तक्रार रास्तच आहे. पण त्यावर उपाय म्हणून मनाने आकडा वाढवता येत नाही. पालिकेचे कर वाढले असतील तर तो बोजा कलम १२ नुसार वेगळा मागता येतो. पावतीवर तो स्वतंत्र दाखवा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवाना कराराची, गोष्ट निराळी, तिथली वाढ करारात लिहिली असेल तीच.

‘वाढ नाकारली की बाहेर काढा.’ आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबणे, त्यानंतर दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली, तर थकबाकीपोटी ताबा मिळत नाही. पाणी किंवा वीज तोडणे कलम २९ ने मना आहे.

‘पोटभाडेकरू दिसला की कुलूप.’ इथेच सर्वाधिक घात होतो. घरात पाहुणा किंवा नातेवाईक राहतो एवढ्याने पोटभाडे सिद्ध होत नाही. भाडेकरूने ताबा सोडला आणि दुसऱ्याकडे स्वतंत्र ताबा आहे, हे घरमालकाने दाखवावे लागते. त्यानंतर खुलाशाची जबाबदारी भाडेकरूवर येते. दुकानात भागीदार घेतला पण भाडेकरू स्वतः धंदा चालवतो, तर तेही पोटभाडे नव्हे. १ फेब्रुवारी १९७३ पूर्वीपासून जागा ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना तर कायद्याचे संरक्षण मिळालेले असू शकते, म्हणून ताबा कधीपासूनचा हे आधी तपासा.

विनापरवानगी पोटभाडे खरेच असेल, तर कलम १६ खाली ताब्याचा दावा करता येतो. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात चालतो. वीजबिले, दुकानाचा परवाना, फोटो जमवा. तोवर पोटभाडेकरूकडून भाडे घेऊन त्याच्या नावाने पावती फाडू नका, कारण तीच पावती तुमच्या संमतीचा पुरावा म्हणून समोर येते.