जॅक, विटा आणि ‘आमचा मेस्त्री’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गाडी घरच्या घरी जॅकवर घेण्याबद्दलच्या मागच्या लेखावर एका वाचकाची सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: मी लोकांना उगाच घाबरवतो. त्यांचा मेस्त्री पंचवीस वर्षं नुसत्या जॅकवर, फार तर दोन विटा लावून काम करतोय. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकला की चाकाला दगड कशाला? नऊशे किलोच्या गाडीखाली दोन टनी जॅक असताना वर दोन-तीन हजारांचे स्टँड (उचललेल्या गाडीचं वजन पेलणारे लोखंडी पाय) कशाला? आणि स्टँड काय तुटत नाहीत? सगळ्यात शेवटी एक ताजा कलम आहे, त्याकडे शेवटीच येतो. उत्तर कमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

नमस्कार. आधी तुमच्या मेस्त्रींबद्दल. पुढच्या वेळी गाडी नेलीत की ते काम करताना जरा शेजारी उभे राहून बघा. बहुतेक जुने मेस्त्री काढलेलं चाक कडेला ठेवत नाहीत, आडवं करून सिलखाली (दारांच्या खाली असलेल्या लोखंडी कडेखाली) सरकवतात. ब्रेकपॅड बदलताना ते चाकाच्या बाजूला बसतात, आडवे होऊन आत शिरत नाहीत. खालून काम असेल तर गाडी पिटवर (खाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यावर) किंवा लिफ्टवर जाते. त्यांची जमीन सपाट काँक्रीटची, हाक मारली की पोऱ्या धावत येतो. आपण रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटे, वॉचमन गेटवर डुलक्या काढतोय. त्यांची जी सवय तुम्हाला निष्काळजीपणा वाटते, तिच्यात बरीच काळजी मुरलेली असते. ती ते बोलून दाखवत नाहीत एवढंच.

आता गिअरचा मुद्दा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं इंजिन फिरवतं आणि हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. दोन पुढच्या चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरावं, ही त्याची नोकरी. पण पुढचं एक चाक हवेत उचललंत की हीच सोय अंगावर येते. गाडी गिअरमध्ये आहे, डिफरन्शियलचं घर जागच्या जागी अडकलंय, तरी जमिनीवरचं चाक पुढे फिरू शकतं. हवेतलं चाक तेवढंच उलटं फिरून त्याला वाट करून देतं. अडवणारं कोणीच नाही. खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेल्या, गिअरमध्ये असलेल्या गाडीचं पुढचं एक चाक हाताने फिरवून बघा. पलीकडचं उलट्या दिशेने फिरेल. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पी’चंही हेच, कारण तो खटका गिअरबॉक्सच्या आत बसतो, चाकाला धरत नाही.

म्हणजे पुढचं चाक उचलल्यावर गाडी धरायला उरला एकटा हँडब्रेक. त्याची केबल ढिली असेल तर? मागची दोन्ही चाकं उचललीत तर उलटं होतं: हँडब्रेक हवेत फिरणारी चाकं धरून बसतो आणि सगळी भिस्त गिअरवर. ईको, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांवर. मागची बाजू पूर्ण उचलली की पुढची दोन चाकं मोकळी, आणि गाडी जाग्यावर ठेवायला चाकाखालचा दगड सोडून काहीही शिल्लक नाही. म्हणून दगड. ज्या टोकाला उचलताय त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना, पुढून आणि मागून दोन्हीकडून, चांगला दाबून. गिअर आणि हँडब्रेक तर लावायचेच. ते दगडाच्या जागी चालत नाहीत, एवढंच माझं म्हणणं होतं.

विटांवर घर उभं राहतं, मग गाडी का नाही, असं तुम्ही विचारलंत. भिंतीत विटेवर सगळीकडून सारखा भार येतो, वर-खाली मसाला असतो. तुम्ही सुट्ट्या विटेवर सिलची काही मिलिमीटर जाडीची कड टेकवता आणि त्या रेघेवर गाडीच्या एका कोपऱ्याचं दोन-अडीचशे किलो वजन सोडता. वीट आणि सिमेंटचा ब्लॉक दोघंही ठिसूळ. आधी वाकणं नाही, कुरकुरणं नाही, थेट दोन तुकडे. पोकळ ब्लॉक तर विचारूच नका. खाली काही भर घालायचीच असेल तर सागाचे किंवा बाभळीचे रुंद ठोकळे आडवे-उभे रचा. लाकूड दबतं, आवाज करतं, सरकायला वेळ देतं.

दोन टनी जॅकचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण जॅकचं लोखंड मोडून गाडी पडते असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी तोलून धरतं ते तेल, आणि ते तेल अडवून धरतात रबराचं एक सील आणि एक छोटीशी गोळी. गोळी बसते त्या जागेवर कचऱ्याचा कण आला की जॅक हळूहळू बसायला लागतो. आणि त्याचा दांडा फिरवला की झडप उघडते, हे पार्किंगमध्ये सायकल खेळणाऱ्या पोराला कसं कळणार? गाडी वर गेली की दांडा काढून डिकीत टाकत जा. गाडीबरोबर येणाऱ्या कात्री जॅकला तेल नसतं, पण त्याचं सगळं अंग एका स्क्रूवर आणि तळहाताएवढ्या बुडावर उभं. बाजूने जरा धक्का बसला की तो कलंडतो. तो स्टेपनी लावायला दिलाय. जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, हे गाडीच्या मॅन्युअलमध्येही छापलेलं असतं. एक मान्य: नुसती स्टेपनी बदलायला स्टँड लागत नाही. मूळ लेखातही ते ‘गाडीखाली जायचं असेल तर’ या वाक्यानंतरच आलंय.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या सोसायट्यांमध्ये खरी गंमत तिथेच होते. ट्रॉली जॅकची (चाकांवर सरकणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची) वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा भाग, सरळ वर जात नाही. हात उचलला जातो तशी ती कमानीत वर जाते आणि थोडी मागे सरकते. म्हणून जॅकला चाकं दिलेली असतात, त्याने गाडीखाली किंचित पुढे सरकत राहायचं असतं. पेव्हर ब्लॉकवर काय होतं? जॅकचं छोटं लोखंडी चाक दोन ब्लॉकच्या फटीत बसतं. जॅक जागचा हलत नाही, वाटी मात्र मागे ओढत राहते. काही वेळ सिलची कड वाटीत तिरकी होत जाते, आणि मग खट्‌कन सुटते. त्यात या ब्लॉकखाली रेती असते, भार एकाच ब्लॉकवर आला की तो खचतो. त्यामुळे जॅकखाली आणि स्टँडखालीही जाड प्लायवूडचा तुकडा टाका, अठरा मिलिमीटरचा चालेल. एप्रिल-मेच्या उन्हातल्या डांबरावरही हेच, नाहीतर स्टँडचे पाय आत रुततात. आणि पार्किंग सपाट दिसलं तरी पाणी जायला उतार दिलेला असतोच. बाटली आडवी ठेवून बघा, कुठे घरंगळते.

‘स्टँड पण तुटतात’ हे मात्र शंभर टक्के खरं. अमेरिकेत २०२० साली हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने १७ लाखांहून जास्त स्टँड परत मागवले होते. स्टँडची उंची अडकवून ठेवणाऱ्या दात्यांची पकड नीट बसत नव्हती, भार सरकला की स्टँड खाली येऊ शकत होता. बदली दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. म्हणून मी दात्यांपेक्षा आरपार पिनवाले स्टँड घ्या म्हणतो, आणि स्टँड असले तरी काढलेलं चाक सिलखाली सरकवाच. मेस्त्रींकडून उचलायची सवय ती ही. गाडी स्टँडवर टेकवली की खाली जाण्याआधी दोन्ही हातांनी जोर लावून हलवा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

जॅक आणि स्टँड दोघांना एकच जागा हवी असते, मग स्टँड लावायचा कुठे, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मॅन्युअलमध्ये मधली जागा दाखवली असेल तर पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईला) ट्रॉली जॅक लावायचा आणि सिलवरच्या दोन्ही खुणांवर स्टँड टेकवायचे. ऑइल चेंबरला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) जॅक लागला तर त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, नवीन चेंबर घ्या. इलेक्ट्रिक गाडी असेल तर जमिनीलगत अख्खी बॅटरी असते; कंपनीने दाखवलेल्या खुणा सोडून इकडेतिकडे जॅक लावायचाच नाही.

आता तो ताजा कलम. ‘माझा जॅक हल्ली हळूहळू बसतो, त्यात ब्रेक ऑइल टाकलं तर चालेल का?’

साहेब, वरचे सगळे परिच्छेद लिहायचे कष्ट तुम्ही एका वाक्यात वाचवू शकला असता! नाही, ब्रेक ऑइल टाकू नका. जॅकची सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात, ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि उरलीसुरली पकडही जाते. दुकानात हायड्रॉलिक जॅक ऑइल मागा. जॅकचा हात पूर्ण खाली असताना रबरी बूच काढून भोकाच्या कडेपर्यंत भरा. मग झडप उघडी ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा मारा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. झडप बंद करून गाडीचा एक कोपरा उचला, चाक लावलेलंच ठेवा, खाली कोणी जायचं नाही, आणि फेंडरपासून (चाकावरच्या पत्र्यापासून) जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजून ठेवा. तासाभराने परत मोजा. उंची कमी झाली असेल तर सील किट बदलून घ्या, नाहीतर सरळ नवा जॅक.