पांढरा, अर्धी वाटी

गेल्या रविवारपासून मी कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून, म्हणजे जिथे समोर म्हशीची धार काढून दूध देतात त्या कट्ट्यावरून, जाणे बंद केले आहे. घरी जाण्याचा तो माझा नेहमीचा सरळ रस्ता आहे; त्याऐवजी हल्ली मी एवढा मोठा वळसा घालतो की बायकोला संशय येऊ लागला आहे. या वळशाला लागणाऱ्या पेट्रोलचे पैसे गाडी बनवणाऱ्यांनी द्यावेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

झाले ते असे. दुपारी जोतिबाला गेलो होतो. उतरताना एका गुऱ्हाळावरून पाच किलोंचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, घेतला आणि तो मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवला, कारण फळी आहे म्हणजे ती काहीतरी ठेवण्यासाठीच असणार, असा माझा समज होता. पाण्याची तांब्याची बाटली दाराच्या कप्प्यात खोचली होती. तो कप्पा बाजारातल्या प्लास्टिकच्या बाटलीच्या मापाने बेतलेला आहे आणि माझी बाटली गोलमटोल, गुळगुळीत आणि वास्तुशांतीत आहेर म्हणून आलेली असल्यामुळे ती तिथे तिरकीच बसते. शिवाजी पूल ओलांडून गावात शिरताना एक मोपेड आडवी आली आणि मी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण गूळ थांबला नाही; तो फळीवरून निघून मागच्या सीटवर आणि तिथून खाली असा टप्प्याटप्प्याने पुढे आला. बाटली कप्प्यातून उडून माझ्या पायाशी पडली. पुढच्या चौकात पुन्हा ब्रेक दाबला, तेव्हा पेडल अर्ध्यावर जाऊन अडकले.

त्या वेळी माझा वेग चालत्या माणसापेक्षा थोडाच जास्त होता, म्हणून हा लेख विनोदी आहे. समोर एक म्हैस होती आणि तिच्या पलीकडे धारोष्ण दुधासाठी ग्लास घेऊन उभी असलेली सात-आठ माणसे. मी हँडब्रेक खेचला, गाडी गचका खाऊन कट्ट्याला लागून बंद पडली आणि म्हशीने माझ्याकडे, चूक कोणाची आहे हे पूर्ण ठाऊक असल्यासारखे पाहिले. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर कापते, हा हिशेब मी घरी आल्यावर कागदावर मांडून पाहिला आणि कागद फाडून टाकला.

यानंतरची मांडणी नीट लक्षात घ्यावी लागेल. गाडी डावीकडे कट्ट्याला लागून उभी होती. आपल्याकडे चालकाचे दार उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्याकडे उघडते. ते उघडून मी रस्त्यावर गुडघे टेकले, डोके स्टिअरिंगखाली घातले आणि डावा हात पेडलमागे घालून बाटली ओढू लागलो. माझा उरलेला, म्हणजे मागचा, भाग जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षांच्या समोर होता. एका दुचाकीस्वाराने जाता जाता "पंक्चर हाय काय?" असेही विचारले. गाडीच्या आत डोके घालून कोणते पंक्चर काढतात, हे विचारण्याच्या अवस्थेत मी नव्हतो.

इथे फोनविषयी सांगणे भाग आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडू लागले. पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड, नाहीतर कैद. मी कायदा पाळणारा आणि दंडाला त्याहून अधिक भिणारा माणूस असल्यामुळे गाडी घेताना जास्तीचे पैसे मोजून ब्लूटूथवाले मॉडेल घेतले. गाडीचा ताबा देताना शोरूममधल्या तरुणाने नारळ फोडून घेतला, हार घातला, पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन फोटो काढला आणि पाऊण तास सगळ्या सोयी समजावल्या. आतले दिवे किती रंगांचे होतात, हे त्याने दोनदा दाखवले. फोन गाडीला जोडला की त्यातली सगळी नावे गाडीला पाठ होतात, हेही त्याने कौतुकाने सांगितले. आलेला फोन गाडीवरून काढून परत हातात कसा घ्यायचा, हे मात्र त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण त्या वेळी आम्ही दिव्यांचा जांभळा रंग पाहत होतो. तोंडी हुकमाच्या बटणाचेही तसेच. पहिल्याच आठवड्यात ते चुकून दाबले गेले असताना एका खड्ड्यात चाक गेले, माझ्या तोंडून "आयला!" असा उद्गार निघाला आणि गाडीने तत्परतेने माझ्या आईला फोन लावला. आईशी मग वीस मिनिटे बोलावे लागले.

तर बाटली निघेना. ती पेडलखाली आडवी रुतली होती. जोर लावण्यासाठी मी उजव्या हाताने वर चाचपडून स्टिअरिंग घट्ट धरले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. खुद्द फोन मघाच्या गचक्यात सीट आणि हँडब्रेक यांच्यामधल्या फटीत गेला होता. तिथे माणसाची बोटे जात नाहीत, फक्त फोन आणि दहाची नाणी जातात. माझा अंगठा कशावर आहे, हे मला खालून दिसत नव्हते. तो हिरव्या बटणावर होता.

"नमस्कार सर, दवाखान्यातून बोलते आहे," असा एक सुस्पष्ट, गोड आवाज चारही दारांतून गंगावेशीत पसरला. काचा खाली होत्या. "मूळव्याधीच्या औषधाचा आठवडा झाला ना सर? डॉक्टरांनी विचारलंय, आता बसताना त्रास होतो का?"

"नंतर बोलतो!" मी पेडलांना उद्देशून ओरडलो.

"सर, आवाज येत नाही. जरा मोठ्याने बोला."

गाडीचा माइक छतात, आरशाजवळच्या दिव्यापाशी असतो. ज्याचे तोंड त्याच्याजवळ, त्याचा फोन, असा त्याचा न्याय आहे. मी फोन बंद करण्यासाठी अंगठा सरकवून दुसरे बटण दाबले. ते आवाज वाढवण्याचे निघाले. आणि मग डाव्या खिडकीतून एक धीरगंभीर आवाज आला, "बोला ताई. ऐकतोय."

मान वाकडी करून मी वर पाहिले. साठी उलटलेले एक गृहस्थ माझ्या खिडकीवर कोपर टेकून आरामात उभे होते. अंगात पांढरा शर्ट, कान कुस्तीत मोडून कांद्याएवढे झालेले, एका हातात दुधाचा ग्लास, आणि पिकलेल्या मिशीवर ताज्या फेसाची आणखी एक मिशी. त्यांनी मला 'तुमचं चालू द्या' अशी हाताने खूण केली.

"बसताना तरास हाय काय, इचारत्यात," त्यांनी मला खाली निरोप पोचवला. मी गप्प राहिलो. त्यांनी क्षणभर माझे निरीक्षण केले आणि छताकडे तोंड करून सांगितले, "न्हाई बोलत ताई. पर बसल्यालंच न्हाईत, गुडघ्यावर हाईत. म्हंजी तरास असणारच."

"बरं. आणि पोट साफ होतंय का?"

हा प्रश्न त्यांनी मला कट्ट्यावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारला. धार काढणाऱ्याचा हात थांबला. रांगेतल्या मंडळींनी ग्लास खाली घेतले. "सांगा की पावनं, ताई थांबल्यात," असे त्यांनी मला समजावले, आणि त्या आवाजात इतकी आपुलकी होती की माझ्या तोंडून, ब्रेकच्या पेडलाशेजारून, "होतंय" असे निघून गेले.

"व्हतंय म्हणत्यात," त्यांनी कळवले. "पर बोलण्यात काय जोर न्हाई."

"पथ्य चालू ठेवायला सांगा. तिखट, तेलकट, मटण बंद. तांबडा रस्सा तर अजिबात नको."

इथे गृहस्थांचा चेहरा बदलला. इतका वेळ ते परोपकार करत होते. आता प्रश्न तत्त्वाचा झाला. त्यांनी उरलेल्या दुधासह ग्लास माझ्या डॅशबोर्डवर ठेवला, दोन्ही हात खिडकीतून आत घेतले आणि विचारले, "ताई, तुम्ही कुठल्या?"

"मी... मी इथलीच, सर."

"मग असं कसं बोलताय? कोल्लापुरात ऱ्हाऊन तांबडा बंद, मग माणसानं रविवारी करायचं काय?"

"सर, ते डॉक्टर—"

"डॉक्टरास्नी एक इचारा. पांढरा चालंल काय? पांढऱ्यात काय असतंय वो? आळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस. बाळंतिणीला देत्यात आमच्यात."

"एक मिनिट हं सर," असे म्हणून ती खरोखरच विचारायला गेली, आणि दवाखान्याचे सनईचे सूर गंगावेशीत वाजू लागले. गृहस्थांनी मागे वळून कट्ट्याला "इचाराय गेल्यात" असे जाहीर केले. त्या सनईच्या काळात माझ्या दुखण्यावर खुली चर्चा झाली. एकाने सुरण सुचवला, एकाने ताक, आणि एका शाळकरी मुलाने वडिलांना 'मूळव्याध म्हणजे काय' असे विचारून उत्तराऐवजी चापट खाल्ली. एवढ्या माणसांपैकी एकालाही उजवीकडे येऊन बाटली ओढायला हात लावावा असे वाटले नाही, हे मी अजून विसरलेलो नाही.

"हॅलो सर? डॉक्टर म्हणाले, पांढरा चालेल. पण अर्धी वाटी, आणि मिरं कमी."

"अर्धीच? येक करा की."

"नाही सर, अर्धीच."

"बरं, अर्धी. पर आठवड्यातनं दोनदा."

पलीकडे थोडी शांतता झाली. मग "ठीक आहे, लिहून ठेवते," असे म्हणून तिने फोन ठेवला. कट्ट्यावर कोणीतरी "झालं काम" म्हणाले आणि धार पुन्हा सुरू झाली. गृहस्थ वाकून मला म्हणाले, "पांढरा मिळवून दिला बघा." त्याच क्षणी बाटली सुटली, मी मागच्या मागे फेकला गेलो, सावरताना दाराला धडकलो, गाडी हलली आणि डॅशबोर्डवरचा ग्लास कलंडला.

डॅशबोर्डवर जोतिबाचा गुलाल होता. पुडी मी तिथेच ठेवली होती, कारण आपल्याकडे डॅशबोर्ड हे देव्हारा आणि फडताळ यांच्यामधले काहीतरी असते. दूध त्या गुलालावरून वाहत एसीच्या जाळीत गेले. गृहस्थांनी रिकामा ग्लास उचलून उजेडात पाहिला, "म्हशीचं व्हतं," असे हळहळून सांगितले आणि दुसरा भरून घ्यायला गेले. त्या ग्लासाचे पैसे मीच दिले.

आज सहावा दिवस आहे. एसी लावला की आधी गुलाबी धूळ येते आणि मागोमाग नासलेल्या दुधाचा वास. सर्व्हिस सेंटरवाल्याने वास घेऊन मला "गाडीत लहान मूल आहे का?" असे विचारले आणि जाळी उघडून साफ करण्याचा जो आकडा सांगितला, त्यात तांबड्या-पांढऱ्यासह घरच्या सगळ्यांचे जेवण झाले असते. गुळाचा रवा सीटखाली पाझरून मुंग्यांनी शोधून काढला आहे. रागाच्या भरात मी गाडीचे माहितीपुस्तक प्रथमच वाचले. ते समोरच्या कप्प्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, पेट्रोलच्या पावत्यांखाली निवांत पडले होते. त्यात सगळे लिहिलेले आहे. मागच्या फळीवर काही ठेवू नका. जड सामान डिकीच्या तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. चालकाच्या पायाशी सुटी वस्तू नको. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डखाली एअरबॅग असते, ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उघडते आणि वर ठेवलेली वस्तू तेवढ्याच वेगाने शेजाऱ्याच्या तोंडावर फेकते. म्हणजे माझी गुलालाची पुडी आणि शेजारचा पितळी गणपती मी दोन वर्षे बायकोच्या दिशेने रोखून ठेवले होते. हे सारे इंग्रजीत, बारीक टायपात, पान दीडशेच्या पुढे आहे. दिव्यांचे रंग पान बारावर आहेत, सचित्र.

मला राग त्याचाच येतो. फळी द्यायची आणि तिच्यावर काही ठेवू नका म्हणायचे; बोलण्यासाठी गाडीत फोन द्यायचा आणि बोलताना लक्ष विचलित होऊ देऊ नका असे खाली छापायचे. हात मोकळे झाले म्हणजे डोके मोकळे झाले, असे आमच्या मेव्हण्यासारखी माणसे समजतात. शेतीच्या वाटणीचे भांडण तो हायवेवर ताशी शंभरच्या वेगात गाडीच्या स्पीकरवर भांडतो, आणि मुद्दा पटवताना ते मोकळे झालेले दोन्ही हात वापरतो. मी निदान थांबलेलो होतो. गुडघ्यावर होतो, पण थांबलेलो होतो.

गणपती आता घरी देव्हाऱ्यात आहे, बाटली बायकोने माळ्यावर टाकली आहे आणि गाडीच्या यादीतून माझा फोन मी काढून टाकला आहे. प्रवासात तो बंद करून समोरच्या कप्प्यात, माहितीपुस्तकावर ठेवतो. काल कचेरीत असताना दवाखान्यातून पुन्हा फोन आला. या वेळी फोन माझ्या हातात, कानाला लावलेला आणि आवाज खाजगी होता. मी जागेवरून उठून, जिन्यात जाऊन, दबक्या आवाजात सगळ्या प्रश्नांची व्यवस्थित उत्तरे दिली. तिने ती लिहून घेतली आणि मग जरा घुटमळून विचारले, "सर, त्या दिवशी बोलले ते तुमचे मोठे भाऊ का? सोमवारी तपासणीला येताना त्यांनाच घेऊन या ना. त्यांना सगळं नीट सांगता येतं."