चुकलेलं तिकीट आणि चुकवलेलं तिकीट

आज गाडीत जे बघितलं ते डोक्यातून जातच नाहीये. पन्नाशीची एक बाई, पायाशी तांबड्या भाजीच्या जुड्यांची पिशवी. तिकीट हातात होतं, पण एक्स्प्रेसचं, आणि बसली होती सुपरफास्टमध्ये. सेकंड क्लासला सुपरफास्टचे जादा 15 रुपये. दंड कमीत कमी 250!

"म्हाका कितें खबर, बाबा?" एवढंच ती म्हणत होती. टीसी म्हणाला, "सगळे हेच सांगतात." मग तिने रुमालाची गाठ सोडली आणि दहा-दहाच्या नोटा मोजायला लागली. अख्खा डबा बघत होता.

मला माझी आई आठवली. शनिवारी रात्री साडेबाराची गाडी, तिकीट मी काढलेलं, शनिवारच्याच तारखेचं. बारानंतर रविवार लागतो हे माझ्या लक्षातच आलं नाही. गाडीत तिच्या बर्थवर दुसरंच कोणी झोपलेलं. तिला सांगितलं, "तुम्ही विदाऊट आहात." पूर्ण भाडं भरलेल्या बाईला विदाऊट! आदल्या रात्री तिच्या नावाचा बर्थ होता, त्याचे पैसे रेल्वेने घेतले होतेच. वर पुन्हा भाडं आणि दंड.

1989च्या रेल्वे कायद्यात याला दोन वेगळी कलमं आहेत. 137 फसवायच्या हेतूने फुकट जाणाऱ्यासाठी, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद. 138मध्ये हेतू कोणी विचारत नाही. भाडं, वर तेवढाच दंड किंवा 250, जे जास्त असेल ते. आणि रोजचा फुकट्या सापडला तरी बहुतेक वेळा हीच पावती फाडून सुटतो. त्याला 250 परवडतात, कारण बाकीचे दिवस त्याने वाचवलेलेच असतात. भाजीवालीचा मात्र दिवस गेला. हा कुठला न्याय?

टीसीला कोणाच्या मनातलं दिसत नाही, मान्य. खोटं बोलणारे त्याला रोज भेटतात, तेही मान्य. पण हातातलं तिकीट तर दिसतं ना? पैसे भरलेत हे त्यावर छापलेलं असतं. अशा माणसाकडून फरक घ्या, नाव-नंबर लिहून ठेवा, दुसऱ्यांदा सापडला तर खुशाल पूर्ण दंड लावा. एवढं करायला काय अडचण आहे?

त्या टीसीवर माझा राग नाही खरं तर. नियमच तसा, त्यालाही वर उत्तर द्यावं लागतं. पण जरा हळू आवाजात बोलता आलं असतं. आईला पैशाचं काही वाटलं नव्हतं, त्या "विदाऊट" शब्दाचं वाटलं होतं. उभ्या आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही तिने.

ती कार्बनची पावती तिने अजून टाकलेली नाही. आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलीय. अक्षरं पार पुसट झालीत. परवा मी म्हटलं, फेकून दे आता. तर म्हणाली, "राहू दे. कोणी विचारलं तर दाखवता येईल, भरले होते म्हणून."